तो आत जाऊन काय म्हणाला

१३ जानेवारी

तुला काय म्हणून हाक मारावी हे ठरवता ठरवता चहा गार झाला. लहानपणी सगळी वस्ती तुला ‘आजीबाई’ म्हणायची. सहा वर्षांची असताना तू कमरेवर हात ठेवून शेजारच्या गवंड्याला बजावलं होतंस, “काका, भांडायचं तर दार लावून भांडा, सगळ्यांना ऐकू जातं.” आता तू चौतीस वर्षांची आहेस. ते नाव घ्यायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. म्हणून वरची ओळ मोकळी सोडली.

पत्ता तुझ्या मावशीच्या मुलाने दिला. त्याच्यावर चिडू नकोस. तीनदा मागितला तेव्हा कुठे दिला, तोही “काका, फोन मात्र करायचा नाही” असं बजावून. फोन नाही केला. पत्राला तू वाटलं तर उत्तर देशील, नाहीतर चुलीत घालशील. तुझ्याकडे चूल नसेल म्हणा, गॅस असेल.

माझं बरं चाललंय. बसच्या कारखान्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. सध्या वाचनालयाच्या सभागृहात आहे. दीडशे खुर्च्या आहेत, त्यातल्या निम्म्यांच्या गाद्या मीच नव्याने शिवल्या. पहिल्या शिवणाऱ्याने काथ्याऐवजी चिंध्या कोंबल्या होत्या, बसलं की माणूस एका बाजूला कलायचा. आता कुणी कलत नाही. बोटं थोडी वाकडी झालीत, पण दाभण अजून सरळ जाते.

दर रविवारी दुपारी इथे सिनेमा मंडळाचा खेळ असतो. मंडळ दातांचे एक डॉक्टर चालवतात. सिनेमाआधी ते पंधरा मिनिटं बोलतात आणि लोक तोंड उघडं ठेवून ऐकतात. बहुतेक सवयीने. मी खुर्च्या मांडतो, पंखे लावतो, पडद्यावरची धूळ पुसतो. सिनेमा संपला की प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्यायची, त्यावर ते काय वाटलं ते लिहितात. चिठ्ठ्या गोळा करून सोमवारी दाराजवळच्या फळ्यावर टाचायच्या, हेही माझंच काम.

काल जपानी सिनेमा होता. काळा-पांढरा, माझ्या जन्माच्या आसपासचा. खाली आपल्या भाषेत लिहिलेलं येतं. वीटभट्टीच्या मागची एक वस्ती आणि तिथली माणसं, एवढंच. मी जपान कुठे पाहिलंय? पण ती वस्ती मला पाठ होती. वाऱ्याने उडू नये म्हणून पत्र्यांवर ठेवलेले दगड. एका नळाला पन्नास भांडी. भिंतीला भिंत लागलेली, म्हणून पलीकडचा खोकला आपल्याच घरातला वाटतो. एक विधवा बाई पाणी गरम करून विकते, दोन चांभार रोज भांडतात आणि रोज एकमेकांकडून तंबाखू मागतात. एक हातगाडीवाला आहे. त्याची बायको आजारी असते. एक मुलगी आहे, तिला तो रंगाऱ्याकडे कामाला ठेवतो. बाकी विशेष काही नाही. मला आवडला.

चिठ्ठ्यांतल्या थोड्या तुला लिहून पाठवतो, वाचून गंमत वाटेल. ‘फार संथ, पण डोळ्यांत पाणी आलं.’ ‘गरिबी इतकी देखणी दाखवणं बरोबर आहे का?’ ‘खालची अक्षरं भरभर जातात, माझं लक्ष अक्षरांवर आणि नवऱ्याचं घड्याळावर.’ ‘आपण किती सुखात आहोत हे कळलं.’ ‘तिसऱ्या रांगेतला पंखा कुरकुरतो.’ पंख्याला आज तेल घातलं.

तुझी तब्येत कशी आहे? कामाला लांब जावं लागतं का?


२० जानेवारी

उत्तराची वाट पाहून लिहितोय असं नाही. मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी लिहिली गेली, ती नीट करायला लिहितोय. ‘बाकी विशेष काही नाही’ असं लिहिलं होतं. विशेष होतं.

हातगाडीवाला मुलीला रंगाऱ्याकडे सोडतो तेव्हा सांगतो, थोडेच दिवस. ती निमूट जाते. इकडे बायकोचं दुखणं वाढतं. एक दिवस बायको म्हणते, तिला घेऊन या, मला बघायचंय. तो निघतो. रिकामी गाडी ओढत अख्खं गाव ओलांडतो. रंगाऱ्याच्या गल्लीच्या तोंडाशी पोचतो, तर समोर ती. दोरीवर ओलं कापड वाळत घालतेय. हात कोपरापर्यंत काळे दिसतात, रंगाने. अजून तिने त्याला पाहिलेलं नाही. तो उभा राहतो. बराच वेळ. मग गाडी फिरवतो आणि परत जातो. घरी येतो, आत जातो, दार लावून घेतो. आपण बाहेरच राहतो. आतलं काही ऐकू येत नाही. दार दिसतं, आणि त्या दारावरच सिनेमा संपतो.

दिवे लावायचं माझं काम. त्या दिवशी मी दिवे लावायला विसरलो. डॉक्टर अंधारातून ओरडले, “अहो, झोपलात काय?”

आता चिठ्ठ्यांचं. एक कॉलेजातली मुलगी येते, गोल चष्म्याची, नेहमी पहिल्या रांगेत. तिने लिहिलं होतं, ‘त्या बापाला मी कधीच माफ करणार नाही. तो गरीब होता म्हणून वळला नाही, भित्रा होता म्हणून वळला. गरीब माणसं शूर असतात, मी पाहिलीत.’ अक्षर मोठं, शेवटी कागद फाटेल इतकी जोरात रेघ. बाकी सगळ्या चिठ्ठ्या मी टाचल्या. ती खिशात घातली.

गुरुवारी ती वाचनालयात आली ती सरळ फळ्यापाशी. दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“काका, माझी चिठ्ठी?”

“नाही का? टाचणी सुटून पडली असेल.”

“पंख्याची चिठ्ठी नाही पडली. माझीच बरी पडली.”

“नवी लिही,” मी म्हणालो. “कागद देतो.”

तिने उभ्या उभ्या नवी लिहिली, आधीपेक्षा लांब. त्यात आणखी एक वाक्य होतं, ‘आणि अशा बापांना सांभाळून घेणारे लोकही तितकेच दोषी.’ ती मी टाचली, तिच्यासमोरच. पहिली अजून माझ्याकडे आहे. रोज वाचतो असं नाही. पण आहे.

चिठ्ठ्यांवरून इतका वाद पेटला, की लोक एकमेकांच्या चिठ्ठीखाली उत्तरं लिहायला लागले. ‘चष्मेवालीला संसार काय माहीत?’ असंही कुणीतरी लिहिलं. ग्रंथपाल बाई वैतागल्या, फळा आहे की नळावरची रांग, म्हणाल्या. डॉक्टर मात्र खूश. दोन फेब्रुवारीला पुन्हा तोच सिनेमा दाखवायचा आणि नंतर तासभर चर्चा करायची, असं त्यांनी ठरवलंय. मला म्हणाले, “दीडशेच्या दीडशे मांडा.”

मी त्या दिवशी रजा मागणार होतो. मागितली नाही.


३ फेब्रुवारी

काल चर्चा झाली. जसं झालं तसं लिहितो.

एकशेवीस माणसं होती. दुसऱ्यांदा पाहताना मी पडद्याकडे कमी आणि लोकांकडे जास्त पाहिलं. चांभारांच्या भांडणाला लोक हसले. आजारी बायको खोकायला लागली तेव्हा एक बाईही खोकल्या, ऐकून ऐकून येतो तसा. हातगाडीवाला गल्लीच्या तोंडाशी थांबला तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “जा रे, जा ना.” दुसऱ्यांदा पाहत होते तरी म्हणाले. जणू या खेपेला तो जाईल.

या वेळी दिवे वेळेवर लावले. डॉक्टर पुढे येऊन म्हणाले, “दार बंद होतं आणि आपण बाहेर राहतो. मंडळी, आत जाऊन तो काय म्हणाला असेल?”

एक निवृत्त मास्तर उठले. “‘उद्या येणार आहे’ असं म्हणाला असेल. आजारी माणसाला धीर देतात, चाळीस वर्षं मीही मुलांना पास होशील म्हणून सांगत आलो.”

एक गृहस्थ म्हणाले, “काही बोलला नसेल. पुरुषाला असल्या वेळी बोलता येत नाही.”

“तुम्हाला कुठल्याच वेळी येत नाही,” शेजारून बायको म्हणाली, आणि सगळे हसले.

चष्मेवाली उठली. “मला वाटतं, तो खरं बोलला असेल. गल्लीपर्यंत गेलो, हिंमत झाली नाही, परत आलो. बाहेर भित्रा असला तरी निदान बायकोसमोर खरं बोलला असेल. नाहीतर त्या माणसात काही उरतच नाही.”

मी पंख्यांच्या बटणांपाशी उभा होतो. माझा हात वर गेला. डॉक्टरांना वाटलं काही सांगायचंय, म्हणाले, “हो हो, वाढवा पंखे.” पुन्हा हशा.

“पंखे नाही, डॉक्टर. मला बोलायचंय.”

मान वळवून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षं मी त्यांना खुर्च्या देतोय, पण बऱ्याच जणांनी तोंड पहिल्यांदाच पाहिलं असणार.

मी म्हणालो, “तो म्हणाला असेल, ती नाही म्हणते. तिला यायचं नाही.”

मग चष्मेवालीने विचारलं, “पण असं का सांगेल? मुलीला बदनाम करून त्याला काय मिळणार?”

“‘उद्या येते’ म्हटलं तर उद्या परत जावं लागतं,” मी म्हणालो. “‘मालकाने सोडलं नाही’ म्हटलं तर बायको म्हणते, पुन्हा जाऊन पाया पडा. पण मुलीलाच यायचं नाही म्हटलं, की पुढे कुणी काही म्हणत नाही. विषय मिटतो.”

“आणि तो गल्लीतून वळला का?” मास्तरांनी विचारलं. शिकवताना विचारतात तसं नाही, खरंच विचारलं.

“तिने पाहिलं असतं तर पहिलं काय विचारलं असतं? ‘झाले का दिवस?’ असं. त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.”

“तुम्हाला कसं ठाऊक?” कुणीतरी म्हणालं.

“अशा वस्तीत राहिलोय,” मी म्हणालो. “पाहिलंय.”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अगं, टाळ्या! डॉक्टरांनी पुढे येऊन माझा हात हातात घेतला. “हा खरा प्रेक्षक! आपण पुस्तकातून बोलतो, हे आयुष्यातून बोलतात.” एका बाईंनी डोळे पुसले. मला वाटलं जमीन दुभंगली तर बरं, पण ती फरशीची आहे, दुभंगत नाही. मी पंखे वाढवले.

सगळे गेल्यावर चष्मेवाली थांबली. टाळ्या वाजवल्या नव्हत्या तिने. मी खुर्च्या दुमडत होतो, तीही दुमडायला लागली. आठ-दहा झाल्यावर म्हणाली, “काका, ते पाहिलेलं नव्हतं ना?”

मी म्हणालो, “खुर्ची मधे धरू नको, बोट अडकेल.”

ती सगळ्या खुर्च्या दुमडून गेली.


१० फेब्रुवारी

एकशेवीस माणसांसमोर जे म्हणालो ते तुझ्यासमोर कधी म्हणालो नाही. आठ दिवस झाले, रोज कागद काढतो आणि आत ठेवतो. आज वाचनालयाला सुटी आहे. सभागृहात मी एकटाच आहे. आज नाही लिहिलं तर कधीच नाही.

तू बारा वर्षांची होतीस. बसचा कारखाना सात महिने बंद होता. आईची छाती भरत चालली होती. घड्याळवाल्यांच्या घरी तान्हं मूल होतं, ते सांभाळायला राहती मुलगी हवी होती. मी तुला सांगितलं, “फक्त आठ दिवस, आजीबाई. आई जरा सावरली की नेतो.” तू विचारलंस, “आठ म्हणजे रविवार धरून की सोडून?” मी म्हणालो, धरून. त्यांच्याकडून दर महिन्याला जे मिळायचं त्यात आईचं औषध येत होतं. तुला आणलं असतं तर औषध बंद. एवढं तुलाही माहीत आहे, मावशीने सांगितलं असेल. याबद्दल तू मला एखाद वेळी समजूनही घेतलं असशील. म्हणून मी आजवर एवढंच खरं म्हणून मिरवलं.

पुढचं मावशीलाही माहीत नव्हतं.

तुला जाऊन दोन महिने झाले होते. आई उठून बसायची बंद झाली. एके सकाळी म्हणाली, “तिला आणा. औषध नको मला, तिला आणा.” मी निघालो. चालत दोन तास लागले. घड्याळवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गेलो, तर तू बाहेरच्या पायरीवर होतीस. मूल कडेवर, निळा फ्रॉक अंगात, नवा. तू त्या मुलाला रस्त्यावरची वाहनं दाखवत होतीस. “ही बस. ही माझ्या बाबांनी केली.” मला स्पष्ट ऐकू आलं.

मी वळलो.

का, ते त्या दिवशी सभागृहात सांगितलं ते निम्मं होतं. तू ‘झाले का आठ दिवस’ असं विचारशील, ही भीती होतीच. पण आणखी एक होतं. तू घरी येशील, आईची अवस्था पाहशील, आणि मग कितीही मारलं तरी परत जाणार नाहीस, हे मला माहीत होतं. तू गेली नसतीस तर औषध थांबलं असतं, आणि आई मेली असती तर ती माझ्या हातून. तू तिथे राहिलीस तर निदान मी प्रयत्न करतोय असं मला म्हणता येत होतं. स्वतःला. हे लिहायला फार जड जातंय, आणि लिहून झाल्यावरही त्यात शहाणपणा कुठे दिसत नाही.

घरी गेलो. आत गेलो. आई दाराकडे तोंड करूनच पडली होती. माझ्यामागे कुणी आहे का ते पाहत होती. मी म्हणालो, “ती नाही म्हणते. तिथे रमलीय. यायचं नाही म्हणते.”

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती गेली. तुला मी कळवलं नाही. आज जातो, उद्या जातो, करत राहिलो. तिथे पाणी भरायला येणाऱ्या आपल्या वस्तीतल्या बाईकडून तुला कळलं आणि तू एकटी चालत आलीस. दारात उभी राहिलीस, आत आली नाहीस. एवढंच विचारलंस, “आईने मला बोलावलं नव्हतं?”

आणि मी म्हणालो, “नाही. ती शुद्धीवर नव्हती.”

तू मावशीकडे गेलीस. बावीस वर्षं तू असं धरून आहेस की आईने तुझी आठवण काढली नाही. आणि ती असं धरून गेली की तू यायला नाही म्हणालीस. दोघींना मी एकेक खोटं दिलं. शुद्धीवर होती ती. तिने तुला बोलावलं होतं, आणि रोज तुझी आठवण काढत होती. रोज.

मावशी गेली त्या दिवशी तू तिच्या घरी माझ्यापासून चार पावलांवर उभी होतीस. तेव्हा सांगता आलं असतं. मी तुला विचारलं, “प्रवास नीट झाला का?”

माफी मागायला लिहिलेलं नाही. लिहिलं कारण ‘रोज’ हा शब्द तुझा आहे आणि तो इतकी वर्षं माझ्याकडे होता.


४ मार्च

तुझं पत्र परवा मिळालं. ग्रंथपाल बाईंनी आणून दिलं, म्हणाल्या, “तुम्हाला कधी पत्र येत नाही ना?” मी पाकीट शर्टाच्या आत ठेवलं आणि सगळ्या खुर्च्या पुसून झाल्यावर उघडलं. सात ओळी. मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही.

तू लिहिलंस, ‘माफीचा विषय काढू नका. इथे येऊ नका. तीन गोष्टी सांगा. आई रोज काय म्हणायची. मी नाही म्हणाले असं तुम्ही सांगितल्यावर ती काय म्हणाली. शेवटी काय म्हणाली. खरं लिहा, छान लिहू नका.’

काढत नाही. येणार नाही. सांगतो.

रोज काय म्हणायची. सकाळी जाग आली की विचारायची, “आज कितवा दिवस?” तू गेल्यापासूनचे दिवस ती मोजायची आणि मधेच चुकायची. मी दुरुस्त करायचो नाही. मग कधी म्हणायची, “तिला म्हणावं, केस ओले ठेवून झोपू नकोस.” कधी, “त्या घरी तिला जिना उतरावा लागतो का? ती पायऱ्या दोन-दोन उतरते.” एकदा म्हणाली, “तिचा आवाज येतोय, बघा.” बाहेर गवंड्याची मुलगी होती. मी तसं सांगितलं तर म्हणाली, “माहीत आहे हो. पण येतोय.” शेजारची विचारायला आली तर तिलाही तुझंच काही सांगायची. दार लावून भांडा म्हणाली होतीस ते, प्रत्येक वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखं.

दुसरं. तू नाही म्हणतेस, असं मी सांगितल्यावर तिने आधी पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, “पंखा आहे ना तिथे?” मी म्हणालो, आहे. “मग बरंय.” आणि भिंतीकडे वळली. मला वाटलं झोपली. अर्ध्या तासाने तशीच भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “जायच्या आदल्या दिवशी तिने पाणी सांडलं म्हणून मी मारलं होतं. ते धरून बसली असेल. लहान आहे, विसरेल.” हे मी आधीच्या पत्रात मुद्दाम लिहिलं नव्हतं. तू ‘खरं’ हा शब्द लिहिला नसतास तर आजही लिहिलं नसतं. तिने मारल्याचं तुला आठवतं की नाही, मला माहीत नाही. तिला शेवटपर्यंत आठवत होतं. त्यानंतर तिने तुला आणायला सांगितलं नाही. दिवस मोजायची, केसांचं म्हणायची, पण ‘आणा’ असं पुन्हा एकदाही म्हणाली नाही.

तिसरं. यावर मी दोन दिवस घालवले. तुझं पत्र आल्यापासून माझ्या मनात एक वाक्य तयार होत होतं, तिच्या तोंडी शोभेल असं, तुझ्यासाठी. काल ते लिहूनही काढलं. चांगलं होतं. वाचून तुला रडू आलं असतं आणि त्याने थोडं बरंही वाटलं असतं. मग फाडलं. तुम्हा दोघींमध्ये पुन्हा एकदा माझंच बोलणं घालायला मी निघालो होतो.

तर शेवटी जे झालं ते असं. सकाळ होती, दहा वाजले असतील. मी चहा केला होता, तिने घेतला नाही. दाराच्या वरच्या फटीतून ऊन आत यायचं, ते सरकत तिच्या तोंडावर आलं. ती म्हणाली, “ऊन डोळ्यांवर येतंय.” मी स्टुलावर चढून फटीला फडकं लावलं. ते नीट बसेना, म्हणून खिळा शोधला, ठोकला. त्याला थोडा वेळ लागला. उतरलो तेव्हा ती गेलेली होती.

“ऊन डोळ्यांवर येतंय.” एवढंच म्हणाली. त्यात तुझं नाव नव्हतं. आत्तासुद्धा ते घालावंसं मला फार वाटतंय.